कन्नडची शिकवणी: एकेकट्याला शिकवू की बॅच काढू?

वडगावची_वैनी
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचत बसले, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी बेळगावात वडगावला राहते. माहेर गोकाककडचं. घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की कन्नड, त्यामुळे दोन्ही भाषा एकाच ताटात वाढलेल्या. चार वर्षांपूर्वी शाळेची नोकरी सोडली आणि मराठी लोकांना कन्नड शिकवायला लागले. आपल्याकडं याला गिऱ्हाईक कमी नाही, ते सांगायला नको.

सध्या सात जण आहेत. तीन दहावीची मुलं, मराठी माध्यमाची. एक नर्स. एक बँकेतले साहेब, नागपूरहून बदलून आलेले. एक कोल्हापूरची सून. एक कापड दुकानदार. सगळे एकेकटे, बहुतेकांच्या घरी मीच जाते. तासाला ३०० रुपये, प्रत्येकाचे आठवड्याला दोन तास. कागदावर महिन्याला १६,८०० होतात. हातात १३ हजारांच्या वर क्वचित येतात, कारण "मॅडम, आज पाहुणे आलेत" हे वाक्य मी मराठी आणि कन्नड दोन्हीत ऐकते. त्यातून स्कूटीचं पेट्रोल वजा करा.

आता आणखी सहा जणांनी विचारलंय. वेळ नाही. नवरा म्हणतो, आठ जणांची बॅच काढ, हजार हजार रुपये घे, आठवड्यातून तीन संध्याकाळी तास घे, मोकळी हो. हिशेबाला बरोबर वाटतं. पण बोलायची भाषा आठ जणांत शिकवता येते का? आणि आता जे एकटे शिकतायत त्यांना "उद्यापासून बॅचमध्ये या" कसं सांगायचं?

खोली घरचीच आहे, दहा बाय बारा. एकच अडचण, शेजारी यंत्रमाग आहेत. दिवसभर खटाक्-खटाक्. संध्याकाळी सातला थांबतात, नाहीतर लाइट गेली की.

तुमच्यापैकी कुणी शिकवण्या घेत असाल, किंवा शिकला असाल, तर सांगा.

कुंदाप्रेमी
बँकेच्या साहेबांना दोन तास कशाला? "नाळे बर्री" एवढं शिकवा, नोकरी निभेल.
(उद्या या. ज्यांना कन्नड येत नाही त्यांच्यासाठी.)

निपाणीकर_मास्तर
वैनी, मी निपाणीत वीस वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतो. डोळे झाकून बॅच काढा.

पैशाचं सोडा. एकटा पोरगा समोर असला की तो तुमच्या तोंडाकडं बघून उत्तर काढतो. तुमची भुवई हलली की त्याला कळतं, चुकलं. लगेच दुसरं सांगतो. तुम्हाला वाटतं, वा, शिकला की! परीक्षेत भुवई नसते. बॅचमध्ये मला दहा जणांकडं बघायचं असतं, त्यामुळे प्रत्येकाला आपापलं डोकं चालवावं लागतं. आणि शेजारच्याचं जमलं आणि माझं नाही, या खाजेवर पोरं जितकी शिकतात तितकी माझ्या ओरडण्यावर शिकत नाहीत.

माझा आकडा बारा. बाराच्या वर गेलं की मागच्या ओळीत एक वेगळीच शाळा भरते.

खानापूरची_जाई
मास्तर, तुमच्या बॅचमध्ये जी पोरं सोडून गेली त्यांचं काय म्हणणं होतं, ते कधी विचारलंत का?

मी विचारतेय कारण मी सोडून गेलेली आहे. आठ वर्षांपूर्वी बेळगावात एका ठिकाणी बोलायच्या कन्नडच्या बॅचला जात होते, चौदा जण. खानापूरहून बस पकडून यायचे, संध्याकाळी परत. तिसऱ्या आठवड्यात सरांनी दुकानदार-गिऱ्हाईक असं नाटक करायला उभं केलं. मला म्हणायचं होतं "एरडु किलो अक्कि कोड्री". तांदूळ मागायचे होते. मी म्हटलं "एरडु किलो अक्का कोड्री". दोन किलो थोरली बहीण द्या!

आख्खा वर्ग हसला. सरही हसले. पुढचे तीन तास मला कुणीतरी "अक्का" म्हणूनच हाक मारली. चौथ्या तासाला मी बसच पकडली नाही. भरलेली फी गेली. आजही मला कन्नड समजतं सगळं, बोलत नाही.

तेव्हा वैनी, एकेकट्यांनाच शिकवा. निदान बोलायला लागेपर्यंत तरी.

कुंदाप्रेमी
दोन किलो अक्का :D माफ कर जाई, पण हे लक्षात राहणार.

खानापूरची_जाई
बघा. आठ वर्षांनी पण हेच.

ग्रोथ_गुरू
नमस्कार ताई. तुम्ही वेळ विकताय, रिझल्ट विकला पाहिजे. तीनशे रुपये तास म्हणजे तुम्हीच स्वतःची किंमत कमी करताय. नव्वद दिवसांचा हाय-टिकट प्रीमियम प्रोग्राम करा, वन-ऑन-वन, तीस हजार. ग्रुप नंतर रेकॉर्डेड कोर्स म्हणून विका. झोपेत पैसे येतील.

निपाणीकर_मास्तर
झोपेत पैसे आले तर वैनी जाग्या होऊन पोलिसांना फोन करतील.

वडगावची_वैनी
@ग्रोथ_गुरू, वडगावात तीस हजार सांगितले तर लोक विचारतील, मॅडम, यात टू-व्हीलर पण येते का?

हिशेबनीस
गुरूंची भाषा सोडा, पण "वेळ विकताय" हा मुद्दा खोटा नाही. आकडे मांडू.

वैनींचे कागदावरचे तास महिन्याला ५६ (सात जण, आठ तास प्रत्येकी). १३ हजार भागिले ५६ म्हणजे तासाला २३२ रुपये. हुकलेले तास सोडून भागू नका, कारण तुम्ही तो वेळ राखून ठेवलेला असतो. वर दर तासामागे जाण्यायेण्याचा मिळून अर्धा तास धरलात तर दीडशेच्या आसपास येतं.

बॅच: आठ हजार, महिन्याला बारा तास, तासाला ६६६. दोन जण गळले तरी पाचशे. घरची खोली आहे म्हणून हे जमतं. बाहेर खोली घेऊन चार हजार भाडं भरलंत तर आठ जणांची मेहनत करून पुन्हा ३३३ वर येता.

आता जे कुणी सांगत नाही ते. एकेकट्याच्या शिकवणीत एक जण गेला की एक सातांश पैसे जातात. बॅचमध्ये दोघं गेले की उरलेल्यांना वाटतं, ही बॅच बुडाली, आणि तेही जातात. म्हणून बॅचचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला, आणि हुकलेला तास बुडाला. हे पहिल्या दिवशी लिहून द्या. तोंडी सांगितलेलं आपल्याकडं ओळखीत विरघळतं.

कायद्याचं कुणी घाबरवलं तर: केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगबद्दल राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या, त्यात पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असले तर ते कोचिंग सेंटर धरलं आहे. तुम्ही त्यात बसत नाही. पण त्यातली एक गोष्ट घ्यायसारखी आहे: दर विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा. दहा बाय बारा म्हणजे ११ चौरस मीटर. तुमचं टेबल, कपाट वजा केलं की आठच. जीएसटीची वीस लाखांची मर्यादा ओलांडलीत तर पार्टी द्या.

अथणीअण्णा
मी कन्नडवाला, मराठी वाचून वाचून शिकलो, चुकलं तर सोडा.

जाई अक्का (हे आदराने म्हणतो, तांदूळ नव्हे), आमच्यात "अक्का" थोर शब्द आहे. तुमच्यातपण आहे, तो आमच्याकडूनच गेला म्हणतात. अण्णापण. तुमची आजी सुपारी कापायची तो अडकित्तापण. तुम्ही रोज कन्नड बोलताय, तुम्हाला माहीत नाही एवढंच.

मला सांगायचं होतं ते हे. मराठी माणसाला कन्नड शिकवताना खरी गाठ बसते ती ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओला. तुमच्यात ए एकच, ओ एकच. आमच्यात दोन दोन. कॊडु म्हणजे दे. कोडु म्हणजे शिंग. तुम्ही दुकानात "साबण कोडु" म्हटलं की आम्हाला साबणाचं शिंग ऐकू येतं. आम्ही समजून घेतो, हसत नाही, पण ऐकू तेच येतं. हे कान तयार व्हायला माणूस समोर लागतो. आठ जण एकदम "कॊडु" ओरडले तर कोण चुकलं ते बाईंना कळणार नाही.

वडगावची_वैनी
अण्णा, अगदी नेमकं बोललात. माझी दहावीची मुलं लिहिताना पण तिथंच मार खातात. आणि ऒत्तक्षर. मराठीत जोडाक्षर बाजूला बसतं, कन्नडात खाली लोंबतं, तर मुलं खालचं लिहायचंच विसरतात. "अक्क"चं "अक" होतं. एका मुलाच्या वहीवर मी प्रत्येक विसरलेल्या ऒत्तक्षराच्या जागी लाल टिंब देते, परवा एका पानावर एकोणीस टिंबं झाली. तो म्हणाला, मॅडम, कांजिण्या आल्यात. हे काम एकट्याचंच आहे, बॅचमध्ये कसं करू?

सीमेवरचा_दगड
मुळात मराठी पोरांनी कन्नड का

संपादक_मंडळ
@सीमेवरचा_दगड, तुमच्या प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. सीमाप्रश्नाचे धागे वेगळे आहेत आणि दर एक नोव्हेंबरला वर येतातच. इथे शिकवणीबद्दल बोलू.

कुंदाप्रेमी
दगडालासुद्धा कन्नड शिकवा वैनी, एकेकट्याला.

लालमाती
तालमीत गेलेल्याला हा प्रश्न पडत नाही. आखाड्यात पन्नास पोरं असतात, म्हणजे बॅचच की बे. पण वस्ताद पन्नास जणांना एकदम डाव शिकवत नाहीत. जोर-बैठका सगळ्यांच्या एकत्र. मग वस्ताद जोडी लावतात, कोण कुणाशी. सगळी अक्कल त्या जोडी लावण्यात. वजनानं जुळलेला पण डावानं दोन पावलं पुढं असलेला जोडीदार मिळाला तर पोरगं तीन महिन्यांत बदलतं. फार वरचढ दिला की पोरगं रोज आपटतं आणि यायचं बंद करतं. वस्ताद मातीच्या कडेला बसून मधेच एकाच्या मानेवर हात ठेवून दोन शब्द सांगतात, तेवढीच त्याची वैयक्तिक शिकवणी. पुरते.

जाईचं काय चुकलं तर चौदा जणांसमोर एकटीला उभं केलं. खडाखडी (कुस्तीआधी हाताला हात लावून अंदाज घेणं) न करता डायरेक्ट फडात.

भरतीचा_पोरगा
मी सैन्य भरतीची तयारी केलीय (घेतलं नाही, उंची एक सेंटिमीटर कमी). मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावात असल्यावर आमच्याकडं दर दुसऱ्या घरात एक तयारीवाला असतो. १६०० मीटर एकटा पळत होतो तोवर सहा मिनिटांच्या खाली येत नव्हतो. ग्रुपमध्ये लागलो, पुढच्याच्या पाठीकडं बघत पळालो, दोन महिन्यांत साडेपाचला टेकलो. पण बीमला लटकायचं मात्र एकट्यानंच शिकलो, रात्री, कुणी बघत नसताना. चार पुलअपवर हात सुटतो ते कुणाला दाखवायचं?

म्हणजे एकाच तयारीत दोन्ही लागलं मला.

टिळकवाडीची_टीचर
बी.एड.ला शिकलेलं एक सांगते. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडलं की एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या तीस जणांच्या वर्गातल्या साधारण ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. हे वाक्य शिकवणीवाले फार वापरतात. पुढच्या संशोधनांत फरक दिसला, पण एवढा मोठा सहसा दिसला नाही, ते सांगत नाहीत.

आणखी एक सांगत नाहीत. त्यांनी तिसरा गटही ठेवला होता. वर्ग तीस जणांचाच, पण प्रत्येक पाठानंतर छोटी चाचणी, जिथं चुकलं ते पुन्हा शिकवून पुन्हा चाचणी, आणि मगच पुढचा पाठ. त्या गटाने साधारण अर्धं अंतर कापलं. शिक्षक तितकेच, खोली तीच. ब्लूमचा प्रश्न मुळात हाच होता की एकास एकचा फायदा वर्गात कसा आणायचा, कारण प्रत्येक मुलामागे एक शिक्षक कुठल्याच समाजाला परवडत नाही.

वैनी, तुमची लाल टिंबं म्हणजे तीच चाचणी आहे. वही घरी आणून तपासता येते. टिंबं देताना मूल समोर असायची गरज नाही.

निपाणीकर_मास्तर
टीचरबाई, तीस वह्या रोज घरी आणून बघा एकदा. मग ब्लूमसाहेबांना पण बोलवा तपासायला.

टिळकवाडीची_टीचर
आठ आहेत हो मास्तर, तीस नाहीत. तुमची बारा.

मिरजेचा_तंबोरा
गाण्यातलं उदाहरण देऊ का, विषय जवळचा आहे. पूर्वी गाणं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, आणि लहर लागली तर समोर बसवून तालीम मिळायची. एकास एकची परमावधी. आपल्याच भागातल्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं असेच शिकले. आणि त्याच माणसानं १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्गात बसवून, फी घेऊन, क्रमिक पुस्तकं आणि स्वरलिपी छापून गाणं शिकवायला सुरुवात केली. लोक म्हणाले, असं कुठं गाणं येतं?

पण पलुस्करबुवांनी वर्गासोबत उपदेशक वर्गही ठेवला होता, जे पुढं स्वतः शिकवणार त्यांच्यासाठी. ते तिथंच राहायचे, त्यांची तालीम वेगळी. म्हणजे ज्याला घरी हार्मोनियमवर भजन म्हणायचंय त्याला वर्ग, ज्याला गाण्यावर जगायचंय त्याला गुरूचा सहवास. वैनींनी आधी हे विचारावं की समोरच्याला कन्नड कशाला हवंय.

सूनबाई_कोल्हापूर
मी वैनींच्या यादीतली सून नाही, पण तशीच एक. लग्न होऊन बेळगावात आले, शेजारी सगळे कन्नड, सासूबाईंना दोन्ही येतं. मला घरी येऊन एक बाई शिकवायच्या. सहा महिन्यांत बाईंशी मी फाडफाड बोलायचे. एकदा गणपत गल्लीत भाजी घ्यायला गेले, भाजीवालीनं दोन वाक्यं वेगात टाकली आणि मी मराठीतून "किती?" विचारून मोकळी झाले. बाई माझ्यासाठी हळू बोलायच्या हो! माझी वाक्यं अर्धी त्याच पूर्ण करायच्या. मला कन्नड येत नव्हतं, मला बाई येत होत्या.

सुधारलं कधी, तर बिल्डिंगमधल्या बायकांची भिशी सुरू झाली तेव्हा. सगळ्या एकदम बोलतात, कुणी थांबत नाही. फुकटची बॅच, वर पोहे.

वडगावची_वैनी
सूनबाई, "मला बाई येत होत्या" वाचून मी फोन खाली ठेवला. माझी नर्स अगदी अशीच आहे. माझ्यासमोर "एल्लि नोवैत्री?" (कुठं दुखतंय?) इतकं गोड विचारते की मलाच दुखायला लागावं. परवा म्हणाली, वॉर्डात पेशंट उत्तर देतो ते कळत नाही, कारण पेशंट मॅडमसारखं बोलत नाही. कण्हत बोलतो, बैलहोंगलचा वेगळं बोलतो, अथणीचा वेगळं. हे मी एकटी कुठून आणू?

अथणीअण्णा
अथणीचं नीटच बोलतो. बाकीचे वेगळं बोलतात.

खानापूरची_जाई
हे सगळं पटतंय आणि तरी मी म्हणेन की बोलायला लागल्यावर बॅच ठीक आहे. आधी नाही. लालमातींनी खडाखडी म्हटलं ते बरोबर. माझी कुणी खडाखडी घेतली नाही.

निपाणीकर_मास्तर
जाईबाई, तुम्ही पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं. देतो. नाही विचारलं कधी. पोरगं यायचं थांबलं की आम्ही म्हणतो, त्याला गोडी नव्हती. काल रात्री जुन्या हजेरी वह्या काढून बसलो. गळालेल्यांतली निम्मी तरी पहिल्या महिन्यातली आहेत. गोडी लागायलाच महिना लागतो, म्हणजे माझं म्हणणं माझ्याच वहीत बसेना.

ग्रोथ_गुरू
मास्तर, याला ऑनबोर्डिंग प्रॉब्लेम म्हणतात.

निपाणीकर_मास्तर
आमच्यात याला लाज म्हणतात.

हिशेबनीस
वैनी, दहावीच्या मुलांचं गणित विसरू नका. २०२४ पासून एसएसएलसीला (कर्नाटकच्या दहावी बोर्डाला) एका वर्षात एकाहून जास्त परीक्षा सुरू झाल्यात. पहिल्या परीक्षेत कन्नडमध्ये अडकलेली मुलं दुसरीसाठी धावत येतात, मधे वेळ थोडा. ती बॅचमध्ये बसणार नाहीत, त्यांना एकट्याला, रोज, आणि दर जास्त. तुमचा एप्रिल-मे नेहमी कोरडा जात असेल, तो तिथं भरेल.

---

*(पाच आठवड्यांनी)*

वडगावची_वैनी
मंडळी, धागा वर काढतेय. बॅच काढली. सांगते काय झालं ते, सगळं चांगलं नाही झालं.

आठची ठरवली होती, सहा आले: नर्स, बँकेचे साहेब, सून, कापड दुकानदार आणि दोन नवीन. दहावीच्या मुलांना वेगळंच ठेवलं, त्यांचं परीक्षेचं कन्नड वेगळं आणि मोठ्यांचं वेगळं. नवीन दोघांना आधी तीन तास एकटं घेतलं, जाईमुळं. पैसे आगाऊ, हिशेबनीसांमुळं. फक्त साहेबांनी पावती मागितली. मी वहीचं पान फाडून दिलं, तर ते बराच वेळ पानाकडं बघत राहिले.

पहिली संध्याकाळ. माग सातला थांबतात म्हणून सव्वासातची वेळ ठेवलेली. दाराबाहेर सहा जोड चपला, आमच्या दोन, खालच्या काकूंचा पाय एका सँडलवर पडून मुरगळता मुरगळता राहिला. त्यांनी जे ऐकवलं ते अस्सल कन्नड होतं, मी दार उघडं ठेवून वर्गाला ऐकू दिलं. कोणाला किती कळलं विचारलं. नर्सला सगळं कळलं! म्हणाली, ओरडणारा माणूस स्पष्ट बोलतो.

दुसऱ्या आठवड्यात मी माती खाल्ली. लालमातींचं ऐकून जोड्या लावल्या, पातळी बघून. दुकानदार आणि बँकेचे साहेब सारखे वाटले, त्यांना समोरासमोर बसवलं. म्हटलं, एकमेकांकडं काहीतरी मागा. दुकानदारांनी तोंडच उघडलं नाही. मला वाटलं, वाक्य येत नाही, म्हणून मी आणखी सोपं करून दिलं, "हण कॊड्री", पैसे द्या. ते उठले, पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले, आणि तिथून घरी.

रात्री फोन आला. त्यांचं कॅश क्रेडिट (धंद्याच्या कर्जाचं) खातं साहेबांच्याच शाखेत आहे. गेल्या महिन्यात मर्यादा वाढवून मागितलीय, कागद साहेबांच्या टेबलावर. आणि मी त्यांना साहेबांसमोर तोतरत पैसे मागायला लावत होते! भाषेची पातळी बघितली मी, बाकी काहीच बघितलं नाही. आता त्यांना दुकानात जाऊन एकट्याला शिकवते, सकाळी शटर अर्धं असताना. तासाला ४५० म्हटलं, एका शब्दानं कमी करा म्हणाले नाहीत.

उरले पाच. साहेबांची जोडी सुनेशी लावली. ती त्यांना मधेच तोडते, थांबत नाही, त्यांचं नागपुरी "हाव ना" कन्नडात घुसतं आणि दोघं हसतात. दोघंही हसतात म्हणून चालतं. वर्ग संपताना प्रत्येकाला सात मिनिटं स्वयंपाकघरात बोलवते, एकेकट्याला, गॅसच्या ओट्यापाशी उभं राहून. चुका तिथंच सांगते. बाकीचे तोवर बाहेर बोलत बसतात, आणि खरं बोलणं मी नसतानाच होतं, भिंतीआडून ऐकते मी.

पैसे: बॅचचे पाच हजार, दुकानदार ३,६००, मुलं तीन मिळून ७,२००. कागदावर १५,८००, म्हणजे आधीपेक्षा हजार कमी. पण आता हातातही तेवढेच येतात, आणि तासांची संख्या ५६ वरून ४४ वर आली. नवरा म्हणतो, आठ झाले असते तर. त्याला सांगितलं, आठांच्या चपला तू उचल.

हिशेबनीस
१५,८०० भागिले ४४ म्हणजे ३५९. आधी २३२ होते. तक्रार नाही.

लालमाती
जोडी लावताना घराणं बघायचं राहिलं वैनी. आमचे वस्ताद भाऊबंदकीतल्या दोघांना कधी एकत्र धरू देत नाहीत. मी सांगायला हवं होतं.

अथणीअण्णा
तुमच्या खालच्या काकूंना फी द्या. त्या पण शिकवालेत.

निपाणीकर_मास्तर
मी या जूनपासून नवीन पोरांना पहिला आठवडा जोडीनं बसवणार, फळ्यापाशी कुणालाच बोलवणार नाही. बघू, वहीत काय दिसतं.

खानापूरची_जाई
वैनी, सहावी जागा रिकामी आहे का? मला शेवटची बस चुकता कामा नये, म्हणून वेळ विचारतेय. आणि येताना काय आणू, दोन किलो अक्का?

वडगावची_वैनी
जाई, आहे. तू आधी शुक्रवारी साडेपाचला एकटीच ये, स्वयंपाकघरात बसू. माग चालू असतील, मोठ्यानं बोलावं लागेल. चपला जिन्याखाली काढ, दारात नको.